पाण्याला बाट कशाने लागतो?



वर्षावासाच्या काळात आमच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन होते. वाचन झाले की प्रश्न विचारायचे, ही आमच्याकडची रीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात येतात. यंदाच्या वर्षावासात मात्र एका रविवारी वाचन झालेच नाही. आमच्या गावच्या तलावात त्या पहाटे मासे मरून पडले होते.

आमचे गाव पूर्व विदर्भातले, मालगुजारी तलावांच्या मुलखातले. तीन-चार दिवस आभाळ गच्च होते, सूर्याचे दर्शन नव्हते, आदल्या रात्री मोठा पाऊस झाला. पहाटे ढिवर बांधव जाळी घेऊन गेले तर पाण्यावर पांढऱ्या पोटांचा थर. रोहू, कतला, मृगळ, सगळे उलटे. ढिवरांच्या सोसायटीची वर्षाची कमाई एका रात्रीत गेली. ते दुःख मोठेच होते. पण दुपारपर्यंत गावात दुसरीच कुजबूज सुरू झाली. मागच्या अशोक विजयादशमीला आमच्या गावातल्या पाच घरांनी धम्मदीक्षा घेतली. घरातले देव शिरवले, यंदा मातामायच्या पूजेची वर्गणी दिली नाही. "मातामाय कोपली," असे कोणीतरी म्हणाले आणि बघता बघता ते सर्वांचे झाले.

संध्याकाळी त्या पाच घरांतली एक सून विहारात आली. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. घरात सासू रडत होती, दीर म्हणत होता की देव परत आणा. ती म्हणाली, "गुर्जी, मले सांगा, आमच्यानं झालं का हे?"

तिला मी उत्तर देणार तोच मागून आमच्या विहारातल्या सर्वांत ज्येष्ठ उपासिका बोलल्या. या आजी १९५६ साली आईच्या कडेवर बसून नागपूरला गेलेल्या. त्या म्हणाल्या, "गुर्जी, आमी लहान होतो तवा आमच्या घागरीनं पान्याले बाट लागे. आता मासोऱ्या मेल्या तं आमी देव सोडला मनून मेल्या मनतात. मंग या तलावाले आमच्याशिवाय दुसरं कोनी दिसतच नाही का जी?"

बंधूंनो, या प्रश्नावर मी त्या रात्री झोपलो नाही. पुढच्या रविवारी जे बोललो तेच येथे थोडे नीटनेटके करून मांडतो आहे. नव्याने धम्मात आलेल्या घरांना असा प्रसंग कधी ना कधी येतोच. कोठे गाय मरते, कोठे पाऊस लांबतो, कोठे पोर आजारी पडते, आणि बोट आपल्याकडे वळते. बोट वळले की आपल्याही मनात कोठेतरी जुनी भीती हलते. ती हलते हे कबूल करण्यात लाज नाही. मात्र तिच्यापुढे काय ठेवायचे हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

तथागतांनी कार्यकारणभाव सांगितला. कारण असल्यावाचून कार्य होत नाही, आणि एकच एक कारण पुरत नाही. अनेक प्रत्यय जुळावे लागतात, तेव्हा एखादी गोष्ट घडते, आणि ते प्रत्यय सुटले की ती गोष्टही सुटते. यालाच आपण प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो. एक गोष्ट मी येथे स्पष्ट करतो. तथागतांनी हे सूत्र माणसाच्या दुःखाविषयी सांगितले, माशांविषयी नव्हे. आपले काही उत्साही वक्ते म्हणतात की सगळे विज्ञान बुद्धाने आधीच सांगून ठेवले आहे. तसे म्हणणे बरे नाही. पोथीत सर्व काही आहे असे म्हणणाऱ्यांच्या तावडीतून सुटून आपण आलो आहोत; आता आपली पोथी तशी करू नये. तथागतांनी आपल्याला पाहण्याची रीत दिली. त्या रीतीने तलावाकडे पाहणे हे आपले काम.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सृष्टीतल्या व्यवस्थेविषयी लिहिताना तीन नियम वेगळे काढले आहेत. ऋतू एकामागून एक येतात, ग्रहतारे फिरतात, हा ऋतुनियम. बीजातून झाड, झाडातून फळ, फळातून पुन्हा बीज, हा बीजनियम. आणि माणसांच्या समाजात नैतिक व्यवस्था राखतो तो कर्मनियम. यातला कोणताही नियम चालवायला देव लागत नाही. आता तलावाकडे पाहा. ऊन, पाऊस, वारा, माती, दगड हे ऋतुनियमाचे घर. शेवाळ, मासा, बगळा, म्हैस हे बीजनियमाचे घर. शाळेच्या पुस्तकात पहिल्याला अजैविक घटक म्हणतात आणि दुसऱ्याला जैविक. ही दोन घरे वेगळी दिसतात, पण त्यांच्यात भिंत नाही. एकातले सामान रोज दुसऱ्यात जाते.

आर्थर टान्सली नावाचे एक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९३५ साली त्यांनी मांडले की प्राणी-वनस्पती आणि त्यांच्या भोवतीची निर्जीव सृष्टी ही मिळून एकच व्यवस्था समजली पाहिजे. तिला त्यांनी जे नाव दिले त्याला आपण मराठीत परिसंस्था म्हणतो. त्याच १९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. पण मुलांना शिकवताना मला ते साल त्यामुळेच लक्षात राहते.

आता त्या रात्री काय झाले ते पाहू.

मासा पाण्यातून श्वास घेतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो पाणी फोडून त्यातला प्राणवायू काढतो असे पुष्कळांना वाटते, तसे नाही. पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळलेला असतो, साखर विरघळावी तसा. तो मासा कल्ल्यांनी ओढून घेतो. हा विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात, पाणी ३० अंशांवर असेल तर, जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी जितके गरम तितका आणखी कमी. म्हणजे आपण धनवानाच्या घरात राहतो आणि मासा हातावर पोट असलेल्याच्या. हातावर पोट असणे काय असते हे आपल्याला सांगायला नको. एक दिवस मजुरी बुडाली की चूल थंड.

माशाला ही रोजची मजुरी कोण देतो? थोडा प्राणवायू वाऱ्याच्या लाटांनी वरून मिसळतो. बाकीचा पाणवनस्पती आणि शेवाळ तयार करतात, पण उजेड असेल तरच. सूर्यप्रकाश निर्जीव, पाणी निर्जीव, हवेतला कार्बनी वायू निर्जीव. या तिघांना हिरवे पान जोडते आणि त्यातून सजीवाचे अन्न तयार होते. प्राणवायू बाहेर पडतो तो या कामात. रात्री हे काम बंद पडते. श्वास मात्र सर्वांचाच चालू राहतो: माशाचा, शेवाळाचा आणि गाळात कुजवण्याचे काम करणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा. म्हणून कोणत्याही तलावात प्राणवायू संध्याकाळच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि पहाटे सर्वांत कमी. मासे पहाटेच का मेले याचे उत्तर येथे आहे.

पण पहाट तर रोज होते, मासे रोज मरत नाहीत. तेव्हा आणखी प्रत्यय शोधले पाहिजेत. चार दिवस ऊन नव्हते. दिवसाची कमाईच झाली नाही आणि रात्रीचा खर्च मात्र तोच. त्यावर मोठा पाऊस झाला. पावसाचे थंड पाणी जड, ते खाली बसते आणि तळाचे पाणी वर ढकलते. तळाच्या पाण्यात कुजलेल्या गाळामुळे प्राणवायू नसल्यासारखाच. रस्त्यावरचे शेण, उकिरड्याचे पाणी, नाल्याची घाण तेही त्याच पावसाने आत आणले. ते कुजवायला जिवाणू तुटून पडले आणि उरलासुरला प्राणवायू त्यांनी संपवला. रोहू-कतलाला लिटरमागे तीन-चार मिलिग्रॅमच्या खाली जगणे कठीण होते. ते वर येऊन तोंड उघडत राहिले असतील, कोणी पाहिले नाही. अंधार होता.

त्या सकाळी मरळ मेली नव्हती, हे ढिवर बांधवांनीच मला सांगितले. मरळ पाण्याच्या वर येऊन सरळ हवेतून श्वास घेते. तिला घेता येतो. आता विचार करा, मातामाय कोपली असती तर मरळीवर तिची एवढी मर्जी का? हे मी थट्टेने म्हणत नाही. ज्या म्हाताऱ्या सासूबाई रडत होत्या त्यांना मी हीच गोष्ट सांगितली आणि त्यांचे रडे थांबले. मरळीची गोष्ट त्यांना पटली, कारण त्यांनी स्वतः बाजारात घमेल्यात तास-तास जिवंत राहिलेली मरळ पाहिली होती.

तरी प्रश्न संपत नाही. पाऊस आणि ढग पूर्वीही होते. तलाव इतका हिरवा आणि इतका दमेकरी केव्हा झाला?

कॅनडात आँटॅरिओ प्रांतात जंगलातले अनेक छोटे तलाव शास्त्रज्ञांनी फक्त प्रयोगासाठी राखून ठेवले. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली त्यांतला एक तलाव मधोमध पडदा टाकून दोन भागांत विभागला. दोन्ही भागांत त्यांनी कार्बन आणि नत्र असलेली द्रव्ये टाकली. एका भागात त्यांच्या जोडीला स्फुरदही टाकले. स्फुरद पडलेला भाग शेवाळाने हिरवागार झाला, पडद्यापलीकडचा तसाच नितळ राहिला. वरून काढलेले त्याचे छायाचित्र जगभर गाजले. तेच पाणी, तेच ऊन, मध्ये एक पडदा. स्फुरद म्हणजे आपल्या डीएपीच्या पोत्यातले, पुष्कळशा कपडे धुण्याच्या पावडरींतले, शेणामुतातले आणि खरकट्यातले. मूळचे ते खडकातले, म्हणजे निर्जीव. खडक झिजून माती होते, मातीतून ते रोपात, रोपातून आपल्यात आणि गुराढोरांत येते. ते हवेत उडून जात नाही. तलावात एकदा आले की गाळात बसते. आणि तळाचा प्राणवायू संपला की गाळाने धरून ठेवलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते, त्यावर आणखी शेवाळ माजते, ते मरून कुजते आणि आणखी प्राणवायू खाते. दुःखातून दुःख कसे निपजते हे आपण वाचतो ना, तसेच हे चक्र.

जुने मालगुजारी तलाव असे फुगून मरत नसत. त्यांच्या काठाला देवधान उगवे, पाण्यात कमळ, शिंगाडा आणि नाना जातीच्या वेली असत. या वनस्पती स्फुरद-नत्र शोषून घेत, त्यांच्यात मासे अंडी घालत, सारस येऊन कंद खात. उन्हाळ्यात तलाव आटला की लोक गाळ उपसून शेतात नेत, म्हणजे पाण्यात गेलेले पुन्हा शेताला मिळे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पुष्कळ ठिकाणी गाळाकडे कोणी पाहिनासे झाले. पण म्हणून मालगुजारीचे गोडवे गाणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळू नका. त्या सुंदर तलावांच्या घाटावर आपल्या आयांना पाय ठेवता येत नव्हता. भंडारा-गोंदिया भागात ढिवर बांधवांनी काही तलावांत माजलेली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तेथे मासे वाढले, पक्षी परतले. मालगुजार न आणता तलाव परत आणता येतो.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. महाडचे चवदार तळे आपणा सर्वांना पाठ आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले, पण पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तेथे ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळे 'शुद्ध' केले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी भरून मंत्रोच्चारात तळ्यात बुडवल्या, असे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून यायला १९३७ चा मार्च उजाडला.

मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून त्या १०८ घागरींकडे पाहतो. माणसाच्या ओंजळीने तळ्यातून पाणी जाते, तळ्यात काही पडत नाही. शेण आणि दही मात्र पाण्यात पडले की कुजू लागते, कुजताना प्राणवायू खाते आणि स्फुरद व नत्र मागे ठेवते. एवढ्या मोठ्या तळ्याला एका दिवसाच्या घागरींनी फारसे काही झाले नसेल. पण पाण्याच्या हिशेबाने त्या दिवशी बाट कोणी लावला हे तुम्हीच ठरवा. पाण्याला जात वाचता येत नाही. त्यात काय पडले आणि किती पडले, एवढेच त्याला कळते.

येथे टाळ्या पडतील हे मला माहीत आहे. त्या रविवारीही पडल्या. म्हणून लगेच दुसरी गोष्ट सांगतो, ती ऐकून टाळ्या थांबल्या होत्या. पाणी आपलीही जात वाचत नाही. मागच्या जयंतीला पाचशे माणसांचे जेवण झाले. उरलेला भात, पत्रावळी, हारांचा ढीग कोठे गेला? तलावात. मीच शाळेतल्या मुलांना घेऊन ते नेऊन टाकले होते. मला वाटले, मासे खातील. हारांना गुंडाळलेली तार आणि प्लॅस्टिकची जर अजून काठाला दिसते. आपल्या वस्तीची सांडपाण्याची नालीही त्याच तलावात जाते, घाटावर आपल्याही घरची कपडे धुण्याची पावडर फेसाळते, आपल्याही शेताचे खत तिकडेच वाहते. तेव्हा त्या सुनेला उत्तर काय द्यायचे? देव शिरवले म्हणून मासे मेले, हे साफ खोटे. पण मासे मेले त्यात आपला काहीच हात नाही, हेही खरे नाही. गावातल्या प्रत्येक घराचा हात आहे आणि त्यात आपली घरे आली. बाबासाहेबांनी सांगितलेला तिसरा नियम, कर्मनियम, येथे सुरू होतो. ढग आणि पहाट आपल्या हातात नव्हती. नाली आणि खरकटे होते.

पहिल्या संघाला ही जाण होती. विनयाचे नियम पाहा. भिक्खूच्या आठ वस्तूंपैकी एक पाणी गाळण्याचे वस्त्र. जीवजंतू असलेले पाणी जाणूनबुजून माती-गवतावर ओतू नये. आजारी नसताना पाण्यात थुंकू नये, मलमूत्र करू नये. उगवत्या वनस्पतीचा नाश करू नये. आणि हा वर्षावास तरी कशासाठी सुरू झाला? भिक्खू पावसाळ्यात हिंडतात, कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागत त्या लोकांवर रागावले नाहीत. त्यांनी तक्रार ऐकली आणि तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम केला.

त्या रविवारी एक तरुण उठून म्हणाला, "सर, सजीव आणि निर्जीव एकमेकांत जातात म्हणता, मग माणूस मेल्यावर काय?" त्यालाही उत्तर बाबासाहेबांच्याच ग्रंथात आहे. पुनर्जन्म कोणाचा या प्रश्नावर ते लिहितात की शरीर पृथ्वी, आप, तेज, वायू या चार घटकांचे. मरणानंतर ते घटक नष्ट होत नाहीत, सृष्टीतल्या आपल्यासारख्या घटकांच्या साठ्यात जाऊन मिळतात. आत्मा कोठे जात नाही, कारण तो नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधीत धान लावले आणि त्यांची राख याच मातीत मिसळली. बांधीतल्या धानाच्या लोंबीत त्यांच्या हाडातले स्फुरद कोठेतरी असेल, असा विचार मला येतो. त्याने मला जेवढा धीर मिळतो तेवढा गयेच्या पिंडाने मिळाला नसता.

विहारात त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या. जयंतीचे आणि पौर्णिमेच्या भोजनाचे खरकटे खतखड्ड्यात जाईल. हार सुताचे आणि फुलांचे, तार-प्लॅस्टिकचे नाहीत. वस्तीच्या नालीसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा, शोषखड्डा मिळेपर्यंत अर्ज करत राहायचा. ढिवर सोसायटीच्या अध्यक्षांना आम्ही विहारात बोलावले. ते आले. येताना दारात थोडे घुटमळले, मग आत येऊन सतरंजीवर बसले, आणि तलावात कोणती वेल कोठे लावायची हे सांगताना तासभर बोलले. त्या पाच घरांतला तो दीरही आला होता. तो बोलला नाही, पण बसून राहिला.

एक प्रयोग मी सर्वांसमोर केला, तो तुम्हीही घरी करा. काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या, तलावाचे पाणी भरा, दोन्हींत हिरव्या पाणवेलीचा एकेक तुकडा सोडा. एक बाटली उन्हात ठेवा, दुसरीवर काळे फडके गुंडाळा. तास-दोन तासांनी पाहा. उन्हातल्या बाटलीत पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे येतात, फडक्याखालच्या बाटलीत येत नाहीत.

आजी बराच वेळ त्या बाटलीजवळ बसून होत्या. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहत होत्या. मग त्यांनी त्या सुनेला जवळ बोलावले आणि बाटली तिच्या हातात दिली. "हे घे, घरी ने," त्या म्हणाल्या, "अन् तुह्या सासूले दाखव."